बेरजेची शाळा आणि वजाबाकीची शाळा

अकरावीला प्रवेश घेताना मी मराठी सोडून फ्रेंच घेतले. कारण सांगायला संकोच वाटतो, पण लपवण्यातही अर्थ नाही; या अंकाच्या वाचकांपैकी पुष्कळांचे कारण तेच असेल. फ्रेंचला गुण पडतात! दोन वर्षे मी क्रियापदांची रूपे पाठ केली, उताऱ्याखालचे प्रश्न सोडवले, 'माझे कुटुंब' या विषयावरच्या दहा ओळी घोकल्या आणि बारावीला शंभरपैकी ब्याण्णव गुण मिळवले. घरी पेढे वाटले गेले.

गेल्या श्रावणात माझी मामेबहीण कॅनडाहून सांगलीला माहेरी आली. बरोबर तिची चौदा वर्षांची मुलगी. नात्याने मी तिची मावशी, वयाने जेमतेम सहा वर्षांनी मोठी. टोरांटोजवळच्या एका गावात ती राहते आणि सप्टेंबरपासून नववीत, म्हणजे तिकडच्या माध्यमिक शाळेत, जाणार होती. घरी मराठी, रस्त्यावर इंग्रजी आणि शाळेत निम्मा दिवस फ्रेंच असा तिचा दिनक्रम. मामींनी कौतुकाने, "ही पण फ्रेंच शिकलीय हो," म्हणून मला पुढे केले. मुलीने लगेच फ्रेंचमधून काहीतरी विचारले. वाक्य अगदी साधे होते; इथे पाऊस किती दिवस असतो, एवढेच तिला हवे होते, हे मला मागाहून कळले. त्या क्षणी मी तिच्या तोंडाकडे पाहत राहिले. ब्याण्णव गुण कुठे गेले कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पारडे फिरले. मुलगी ओसरीवर आली आणि मामांना म्हणाली, "आजोबा, तू चहा घेतला?" मामा हसले, पण मामींची मान खाली गेली. त्या घरात मामांना 'तू' म्हणणारे माणूस आता उरलेले नाही. मामी भाजी निवडता निवडता नातीला काही विचारत, तिला ते सगळे समजे आणि ती इंग्रजीत उत्तर देई. ते मामींना अर्धेच कळे. ज्वालामुखी कसा उसळतो हे फ्रेंचमध्ये सांगू शकणारी मुलगी आपल्या आजीला रात्री पडलेले स्वप्न मराठीत सांगू शकत नव्हती. एकाच मुलीच्या बाबतीत एक भाषा आली कशी आणि दुसरी निसटली कशी, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात बसला. परत आल्यावर आमच्या फ्रेंचच्या बाईंना मी तो विचारला. त्यांनी काही पुस्तके काढून दिली, काही मी शोधली. त्या वाचनातून जे समजले ते इथे मांडते आहे.

कॅनडा द्विभाषिक देश आहे, असे आपण सामान्यज्ञानाच्या पुस्तकात वाचतो. ते खरे आहे आणि नाहीही. १९६९ च्या कायद्याने इंग्रजी आणि फ्रेंच या दोन्ही भाषा तिथल्या केंद्र सरकारच्या कारभाराच्या भाषा झाल्या. म्हणजे सरकार द्विभाषिक झाले. नागरिक झाले असे नव्हे. २०२१ च्या जनगणनेनुसार इंग्रजी आणि फ्रेंच या दोन्ही भाषांत संभाषण करू शकणारे लोक सगळे मिळून १८ टक्के. त्यातही क्वेबेक प्रांतात ४६.४ टक्के आणि क्वेबेकबाहेर ९.५ टक्के. क्वेबेक हा फ्रेंच भाषकांचा प्रांत. बाकी देशात, न्यू ब्रन्सविकसारखा अपवाद वगळता, फ्रेंच बोलणारे विखुरलेले आणि थोडे. शिक्षण हा विषय तिथे प्रांतांच्या हातात आहे. त्यामुळे 'कॅनडातील द्विभाषिक शिक्षण' असा एकच पदार्थ नाही. प्रांत बदलला की चव बदलते.

माझ्या भाचीच्या शाळेची गोष्ट क्वेबेकमध्येच सुरू होते, आणि तीही फ्रेंच मुलांसाठी नव्हे तर इंग्रज मुलांसाठी. १९६० पर्यंत मॉन्ट्रियल शहरात चित्र असे होते की लोकसंख्येने फ्रेंच जास्त, पण बँका, कारखाने, मोठ्या कचेऱ्या यांची वरच्या मजल्यावरची भाषा इंग्रजी. फ्रेंच माणसाने इंग्रजी शिकावे हे ओघाने आलेच. इंग्रज माणसाला फ्रेंचवाचून काही अडत नसे. १९६० साली झाँ लसाज यांचे सरकार आले आणि क्वेबेकच्या समाजजीवनात मोठी उलथापालथ सुरू झाली. तिला तिकडे 'शांत क्रांती' म्हणतात. शाळा चर्चच्या हातून सरकारकडे येऊ लागल्या, १९६४ मध्ये प्रांताचे शिक्षण खाते स्थापन झाले आणि आमच्या प्रांतात आमच्या भाषेत काम चालले पाहिजे, असे फ्रेंच लोक उघड बोलू लागले. वारा कुठून वाहतो आहे हे काही इंग्रज पालकांनी वेळीच ओळखले.

सेंट लॉरेन्स नदीच्या दक्षिण काठावर, मॉन्ट्रियलच्या समोर, सेंट लँबर्ट नावाचे उपनगर आहे. १९६३ मध्ये तिथल्या काही पालकांनी एक गट स्थापन केला. ऑल्गा मेलिकॉफ, म्युरिएल पार्क्स आणि व्हॅलरी नील या तीन स्त्रिया त्यात पुढे होत्या. त्यांची तक्रार वाचताना मला माझीच आठवण झाली. इंग्रजी शाळेत वर्षानुवर्षे फ्रेंचचा तास होऊनही मुलांना शेजारच्या दुकानात फ्रेंचमध्ये दोन वाक्ये बोलता येत नाहीत, आणि खुद्द पालकांचीही तीच गत, असे त्यांचे म्हणणे होते. मग त्यांनी असा विचार मांडला की फ्रेंच हा विषय म्हणून शिकवूच नका. फ्रेंचमधून बाकीचे सगळे शिकवा. बालवर्गात पाऊल टाकल्यापासून बाई फ्रेंचच बोलतील. गणितही फ्रेंचमध्ये, गाणीही फ्रेंचमध्ये. इंग्रजी दुसरीत थोडे सुरू करा आणि हळूहळू निम्म्यापर्यंत वाढवा. पाण्यात उतरल्याशिवाय पोहता येत नाही, तशी ही पद्धत. तिला 'इमर्शन' म्हणजे 'बुडवणे' हेच नाव पडले. मराठीत 'निमज्जन' असा शब्द करता येईल, पण तो ऐकून गणपती विसर्जनाची आठवण होते, म्हणून इमर्शनच राहू द्या.

शाळा मंडळाने पहिल्यांदा नकार दिला. पालकांनी शाळा सुटल्यावरचे फ्रेंचचे वर्ग स्वतः चालवले, सभा घेतल्या, वर्तमानपत्रांकडे गेले. मॅकगिल विद्यापीठातील दोन मोठी माणसे त्यांच्या पाठीशी उभी राहिली: मेंदूचे शल्यचिकित्सक वाइल्डर पेनफिल्ड आणि मानसशास्त्राचे प्राध्यापक वॉलेस लँबर्ट. (गावाचे आणि प्राध्यापकांचे नाव एकच, हा निव्वळ योगायोग.) अखेर सप्टेंबर १९६५ मध्ये सव्वीस मुलांचा पहिला बालवर्ग भरला.

या पालकांचे धाडस किती होते हे समजायला त्या वेळचे शास्त्र काय म्हणत होते ते पाहायला हवे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेक अभ्यासकांचे मत असे होते की दोन भाषांचे ओझे मुलाच्या बुद्धीला पेलत नाही. द्विभाषिक मूल दोन्हीकडे मागे पडते. पण या अभ्यासांत एक मोठी गफलत होती. दोन भाषा बोलणारी मुले बहुधा गरीब, नव्याने आलेल्या कुटुंबांतली आणि एक भाषा बोलणारी मुले सुस्थितीतली, अशी तुलना केली जाई. दारिद्र्याचा दोष भाषेच्या माथी बसे. १९६२ मध्ये लँबर्ट यांनी एलिझाबेथ पील यांच्याबरोबर मॉन्ट्रियलमधील दहा वर्षांच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात आर्थिक स्थिती सारखी असलेली मुले निवडली होती. निष्कर्ष उलटा निघाला: दोन्ही भाषा उत्तम येणारी मुले बुद्धिमापन चाचण्यांत सरस ठरली. यावरही पुढे आक्षेप आले, कारण द्विभाषिक म्हणून निवडलेली मुले मुळातच हुशार असू शकतात. काही असो, भीतीची धार गेली.

लँबर्ट आणि रिचर्ड टकर यांनी सेंट लँबर्टच्या मुलांची वर्षानुवर्षे परीक्षा घेतली आणि १९७२ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. पहिलीत ही मुले इंग्रजी वाचनात मागे होती, जे साहजिकच होते, कारण त्यांना इंग्रजी वाचन कुणी शिकवलेच नव्हते. पण इंग्रजीचा तास सुरू झाल्यावर त्यांनी ती तूट लवकरच भरून काढली. गणित फ्रेंचमधून शिकूनही इंग्रजीतल्या गणिताच्या परीक्षेत ती इतरांच्या बरोबरीने उतरली. आणि फ्रेंच तर फ्रेंचच्या तासाला बसणाऱ्या मुलांपेक्षा कितीतरी पुढे. ही बातमी देशभर गेली. आज कॅनडात साडेचार लाखांहून अधिक मुले इमर्शनच्या वर्गांत आहेत. काही गावांत जागा कमी आणि अर्ज जास्त म्हणून चिठ्ठ्या टाकून प्रवेश द्यावा लागतो. माझ्या बहिणीला मुलीची चिठ्ठी निघाली तेव्हा लॉटरी लागल्यासारखे झाले होते म्हणे.

आता माध्यमिक शाळेकडे वळते, कारण खरी परीक्षा तिथे होते. ऑन्टॅरिओ प्रांतात साध्या शाळेतल्या मुलाला चौथीपासून आठवीपर्यंत फ्रेंच सक्तीचे आणि पुढे नववीत एक विषय. तेवढे झाले की तो मोकळा. इमर्शनचा मुलगा आठवी संपेपर्यंत फ्रेंचमधून ३,८०० तास शिकलेला असतो. नववी ते बारावी या चार वर्षांत शालान्त पदविकेसाठी एकूण तीस 'क्रेडिट' लागतात. साधारणपणे एक विषय एक सत्र शिकला की एक क्रेडिट. त्यांपैकी दहा क्रेडिट फ्रेंचमधून घेतली, चार खुद्द फ्रेंच भाषेची आणि सहा इतर विषयांची, तर इमर्शनचे प्रमाणपत्र मिळते. हे सहा विषय म्हणजे भूगोल, इतिहास, नागरिकशास्त्र, शाळेत शिक्षक असतील तर विज्ञान किंवा गणित. 'शिक्षक असतील तर' हे शब्द महत्त्वाचे. भूगोलही येतो आणि फ्रेंचही सफाईने येते असा शिक्षक मिळणे तिथेही कठीण आहे.

सगळ्यांनाच लहानपणापासून बुडवावे लागते असेही नाही. काही प्रांतांत चौथीपासून, काही ठिकाणी सहावी-सातवीपासून इमर्शन सुरू करता येते. मॉन्ट्रियलमध्ये फ्रेड जेनेसी यांना असे आढळले की सातवीत सुरुवात करून दोन वर्षे बहुतेक विषय फ्रेंचमधून शिकलेली मुले बालवर्गापासूनच्या मुलांच्या बऱ्याच जवळ पोचतात. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला वाचता येते, व्याकरणाची जाण असते, कशासाठी शिकतो ते कळते. 'लहानपणीच भाषा येते, मोठेपणी येत नाही' ही आपली समजूत निदान शाळेपुरती तरी अपुरी आहे. बारावीपर्यंत फ्रेंच शिकून गप्प राहिलेल्या मला याने थोडा दिलासा मिळाला आणि थोडी लाजही वाटली.

पण इमर्शनच्या मुलांचे फ्रेंच नेमके असते कसे? टोरांटोच्या संशोधक मेरिल स्वेन यांनी १९८० च्या दशकात याचा फार बारकाईने अभ्यास केला, आणि मला सर्वांत मनोरंजक वाटला तो हाच भाग. ही मुले ऐकून आणि वाचून समजण्यात जवळजवळ फ्रेंच मुलांच्या बरोबरीने जातात. बोलताना आणि लिहिताना मात्र मागे राहतात, वर्षानुवर्षे मागेच राहतात. नामांची लिंगे चुकतात, भूतकाळाचे प्रकार चुकतात. कारण शोधायला स्वेन थेट वर्गात गेल्या. तिथे दिसले की वर्गात बोलतात ते शिक्षक; मुले एक शब्द, फार तर एक वाक्य बोलतात आणि तेवढ्याने भागते. समजण्यासाठी व्याकरण लागतेच असे नाही, अंदाजाने काम होते. स्वतः वाक्य जुळवताना मात्र प्रत्येक प्रत्ययाचा निर्णय करावा लागतो. म्हणून स्वेन यांचे म्हणणे असे की कानावर भाषा पडणे पुरेसे नाही. मुलाला ती बोलायला आणि लिहायला भाग पाडले पाहिजे, आणि बोललेले समोरच्याला कळले नाही तर पुन्हा नीट सांगायला लावले पाहिजे. दुसरी गंमत अशी की शिक्षक स्वतःच वर्गात बहुतेक वेळ वर्तमानकाळ आणि आज्ञार्थ वापरतात. जे रूप कानावरच पडले नाही ते तोंडात येणार कुठून?

याचे सर्वांत बोलके उदाहरण 'त्यू' आणि 'वू' यांचे. फ्रेंचमध्ये 'त्यू' म्हणजे आपले 'तू', आणि 'वू' म्हणजे 'तुम्ही'. आपल्यासारखेच आदरार्थीही आणि अनेकवचनीही. शिक्षक मुलाला 'त्यू' म्हणतात. संपूर्ण वर्गाला 'वू' म्हणतात, पण ते अनेकवचन म्हणून. एकाच माणसाला आदराने 'वू' म्हणण्याचा प्रसंग वर्गात फारसा येतच नाही. म्हणून इमर्शनची मुले दहावी-बारावीतही अनोळखी प्रौढ माणसाला बिनदिक्कत 'त्यू' म्हणतात. इंग्रजीत हा भेदच नसल्याने त्यांना काही खटकतही नाही. हे वाचले आणि सांगलीची ओसरी डोळ्यांसमोर आली. माझ्या भाचीला मराठीत कोण काय म्हणते? आई-बाबा तिला 'तू' म्हणतात. तिच्या कानावर घरात दुसरे काही पडतच नाही. आजोबांना 'अहो' म्हणणारे कुणी तिने रोज पाहिलेले नाही. तिने जे ऐकले तेच ती बोलली, आणि आम्ही मनात तिला उद्धट ठरवून मोकळे झालो.

माध्यमिक शाळेत इमर्शनची दुसरी अडचण सुरू होते, ती गळतीची. बालवर्गात भरभरून आलेली मुले नववीनंतर एकेक करून बाहेर पडतात. विद्यापीठात रसायनशास्त्र इंग्रजीतच शिकायचे, मग आता फ्रेंचमध्ये कशाला? फ्रेंचमधून घेतले तर गुण कमी पडतील का? हवा तो विषय फ्रेंचमधून मिळतच नाही, किंवा दोन विषयांच्या वेळा एकमेकांवर येतात. अभ्यासात अडखळणाऱ्या मुलांना आधीच्या वर्गांतूनच 'तुला झेपणार नाही' म्हणून इंग्रजी वर्गात पाठवलेले असते. त्यामुळे इमर्शन म्हणजे सरकारी शाळेच्या आत भरलेली वरच्या वर्गातल्या लोकांची खासगी शाळा, अशी टीका तिकडे होते. ती सगळीच खोटी नाही.

इथवर वाचून कुणालाही वाटेल की मग फ्रेंच मुलांसाठीही हेच करावे. एकाच शाळेत निम्मे इंग्रजी, निम्मे फ्रेंच, सगळे एकत्र, सगळे द्विभाषिक. मलाही तसेच वाटले होते. पण ऑन्टॅरिओतल्या फ्रेंच पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी अशा शाळेविरुद्ध लढा दिला, हे वाचून मी चक्रावले. त्याची मुळे मागे जातात.

१९१२ मध्ये ऑन्टॅरिओ सरकारने 'नियम १७' काढला. शाळेतले फ्रेंच माध्यम पहिल्या दोन वर्षांपुरते मर्यादित झाले. पुढे सगळे इंग्रजीत. ओटावाच्या गीग शाळेत बेआत्रिस आणि डियान देलोज या दोन बहिणी शिक्षिका होत्या. त्यांनी नियम झुगारून फ्रेंचमधून शिकवणे चालू ठेवले. १९१६ च्या जानेवारीत अधिकारी त्यांना बाहेर काढायला येऊ लागले, तेव्हा मुलांच्या आयांनी शाळेभोवती पहारा दिला. त्यांची हत्यारे होती टोपीला लावायच्या लांब सुया आणि घरातल्या कात्र्या. नियम १९२७ मध्ये ढिला झाला. या प्रकाराबद्दल प्रांताच्या सरकारने अधिकृत क्षमा मागितली ती २०१६ मध्ये, म्हणजे शंभर वर्षांनी.

नियम गेला तरी माध्यमिक शाळेचा दरवाजा बंदच होता. प्राथमिक शाळेत फ्रेंच चाले, पण पुढे सरकारी खर्चाने चालणारी माध्यमिक शाळा इंग्रजीच. फ्रेंच माध्यमाची खासगी, धर्मसंस्थांनी चालवलेली शाळा परवडली तर ठीक, नाहीतर तेरा-चौदा वर्षांच्या मुलाने एकदम इंग्रजीत उडी मारायची. अनेकांनी उडी मारण्याऐवजी शाळाच सोडली. १९६८ मध्ये, जॉन रोबार्ट्स मुख्यमंत्री असताना, कायदा झाला आणि सरकारी फ्रेंच माध्यमिक शाळा शक्य झाल्या. मात्र अनेक गावांत शाळा मंडळांनी सोयीचा मार्ग काढला: इमारत एक, तिच्यात काही वर्ग इंग्रजी, काही फ्रेंच. नाव दिले द्विभाषिक शाळा.

नॉर्थ बे शहराच्या पश्चिमेला स्टर्जन फॉल्स नावाचे गाव आहे. गावात फ्रेंच भाषक बहुसंख्य. शाळेतही त्यांचीच मुले जास्त. तरीही १९७१ च्या सप्टेंबरमध्ये फ्रेंच विद्यार्थ्यांनी या द्विभाषिक माध्यमिक शाळेविरुद्ध आंदोलन केले. त्यांना वेगळी, संपूर्ण फ्रेंच शाळा हवी होती. इंग्रज गावकऱ्यांना हे आडमुठेपणाचे वाटले. इंग्रजी तर तुम्हाला हवीच आहे, मग एकत्र शिकायला काय हरकत? त्यावर अशा शाळांतला जो अनुभव ठिकठिकाणच्या विद्यार्थ्यांनी सांगितला आहे तो असा. वर्गात शिक्षक फ्रेंच बोलतात, पण घंटा झाली आणि व्हरांड्यात आले की भाषा इंग्रजी. कार्यालयात इंग्रजी, खेळाच्या संघात इंग्रजी, स्नेहसंमेलनात इंग्रजी. दहा फ्रेंच मुलांच्या घोळक्यात एक इंग्रज मुलगा आला की दहाही जण इंग्रजीवर जातात. त्या एकाला फ्रेंच येत नाही, आणि या दहांना इंग्रजी येते. सौजन्य म्हणूनच हे घडते. पण रोज घडत राहिले की फ्रेंच ही फळ्यापुरती भाषा उरते. सरकारने या प्रश्नासाठी टॉमस सायमन्स यांचा आयोग नेमला. स्टर्जन फॉल्सला फ्रेंच माध्यमाची स्वतंत्र माध्यमिक शाळा मिळाली. पुढे पेनेटँग्विशीनसारख्या गावांतही तोच झगडा झाला. तिथे १९७९ मध्ये लोकांनी आपली समांतर शाळाच उघडली.

आता लँबर्ट यांच्याकडे परत जाऊ. सेंट लँबर्टचा प्रयोग ज्यांनी नावारूपाला आणला त्यांनीच १९७० च्या दशकात हा फरक स्पष्ट केला. सेंट लँबर्टच्या इंग्रज मुलाने दिवसभर फ्रेंच शिकले तरी त्याच्या इंग्रजीला धक्का लागत नाही. घर, दुकान, चित्रपट, खंडभर पसरलेला सगळा व्यवहार त्याच्या इंग्रजीची काळजी घेत असतो. त्याला दुसरी भाषा मिळते आणि पहिली शाबूत राहते. ही बेरजेची द्विभाषिकता. स्टर्जन फॉल्सच्या फ्रेंच मुलाच्या पाठीशी असे कुणी नाही. त्याची भाषा घर आणि शाळा या दोनच खांबांवर उभी. त्यातला शाळेचा खांब निम्मा कापला तर नवी भाषा येते आणि जुनी जाते. ही वजाबाकीची द्विभाषिकता. वेळापत्रक तेच, पुस्तके तीच, निम्मे-निम्मे तेच. पण एका मुलाच्या हातात दोन भाषा येतात आणि दुसऱ्याच्या हातात शेवटी एकच उरते. आणि नुसते वेळापत्रक पाहून यातले काही कळत नाही.

म्हणूनच आज कॅनडात फ्रेंचमधून शिकवणाऱ्या शाळा दोन वेगळ्या जातीच्या आहेत आणि त्यांची गल्लत करून चालत नाही. एक इमर्शनची, इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी. दुसरी फ्रेंच शाळा, फ्रेंच कुटुंबांतल्या मुलांसाठी; तिथे इंग्रजी हा एक विषय म्हणून चौथी-पाचवीपासून येतो, बाकी सर्व फ्रेंच. तरीही तिथून बाहेर पडणारी मुले दोन्ही भाषांत इमर्शनच्या मुलांपेक्षा सहज वावरतात, कारण इंग्रजी त्यांना शाळेबाहेर आपोआप मिळते. १९८२ च्या राज्यघटनेतील हक्कांच्या सनदेत तेविसाव्या कलमाने हा हक्क आला आणि १९९० मध्ये अल्बर्टातील पालकांच्या 'माहे' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की पुरेशी मुले असतील तिथे केवळ फ्रेंच वर्ग देऊन भागणार नाही. शाळेचा कारभारही त्या पालकांच्या हाती असला पाहिजे. ऑन्टॅरिओत १९९८ पासून फ्रेंच शाळांची बारा स्वतंत्र मंडळे आहेत. क्वेबेकने १९७७ च्या भाषा कायद्याने बाहेरून येऊन स्थायिक होणाऱ्यांच्या मुलांना फ्रेंच शाळेतच घातले, तेही याच भीतीपोटी. तो वादाचा विषय वेगळा आणि मोठा आहे. त्यात इथे शिरत नाही.

मग माझी भाची यांतल्या कोणत्या खान्यात बसते? पालकांच्या सभेत ती 'इंग्रजी बोलणाऱ्यांच्या' बाजूला बसते आणि फ्रेंचची बेरीज करते. तिची बेरीज खरी आहे, मी तिच्यापुढे मुकी झाले होते. पण मराठीच्या बाजूने पाहिले तर ती स्टर्जन फॉल्सची मुलगी आहे, तेही एकाच खांबावर उभी असलेली. शाळेत मराठी नाही, रस्त्यावर नाही. घरात आहे, पण तिथेही गृहपाठ, दूरदर्शन आणि मैत्रिणींचे फोन इंग्रजीत. बहिणीला हे सांगितले तेव्हा ती थोडी चिडली. "आठवड्यातून दोन तास मी तिला बाराखडी शिकवायला बसवते, तिला अजून काय करू?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. शिवाय मराठी सोडून फ्रेंच घेणारी मीच. सल्ला देण्याचा माझा अधिकार तो काय!

आम्ही दोघींनी मात्र एक व्यवस्था केली आहे. दर रविवारी संध्याकाळी, तिकडे तेव्हा सकाळ असते, आम्ही फोनवर बोलतो. पहिला अर्धा तास फ्रेंच, दुसरा अर्धा तास मराठी, आणि स्वेनबाईंच्या सल्ल्याप्रमाणे ज्याची पाळी त्याने पूर्ण वाक्यात बोलायचे. 'हो-नाही' चालत नाही. माझी लिंगे चुकली की ती न हसता दुरुस्त करते. मी तिला तू-तुम्ही समजावते. 'त्यू' आणि 'वू'सारखेच आहे म्हटल्यावर तिला ते चटकन पटले आणि पुढच्या वेळी मामांशी बोलताना तिने "आजोबा, तुम्ही कसे आहात?" असे विचारले. मामा इतके खूश झाले की त्यांनी ते शेजाऱ्यांना जाऊन सांगितले. पण गेल्या रविवारी तिने मला विचारले, "मावशी, आजोबांना तुम्ही म्हणायचे, मग आजीला तू का? आजी पण म्हातारी आहे ना?" मी तिला सांगितले की अगं, आपल्यात आईला आणि आजीला 'तू'च म्हणतात. ती म्हणाली, "हो, पण का?" तेवढ्यात अर्धा तास संपला होता, आणि मी तिला पुढच्या रविवारी सांगते म्हटले आहे.